कौटुंबिक कारणास्तव

बँकेत बढतीचं परिपत्रक सूचनाफलकावर लागलं की त्याच्यापुढे पहिली गर्दी होते ती बढती नको असणाऱ्यांची. ज्यांना ती हवी असते ते आपापल्या खुर्चीत, काही घडलंच नाही असा चेहरा करून बसलेले असतात आणि ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून आतलं परीक्षेचं गाईड वाचत असतात. नको असणाऱ्यांना मात्र परिपत्रक पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचायचं असतं. आपण नेमकं काय नाकारतोय हे नीट माहीत असलं, की नाकारण्याला जरा वजन येतं.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून विट्याला चिकटलो आणि सांगलीला क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. मधे ऑफिसरची परीक्षा पास झालो, नेमणुकीचं पत्रही हातात पडलं, आणि ते मी साभार परत केलं.

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पगार जास्त, केबिन, सहीला किंमत. मग नको कशाला म्हणायचं? बँकेतल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. क्लार्कची बदली झाली तरी ती सहसा एसटीच्या पासात बसेल एवढ्या अंतरावर. ऑफिसरला अख्ख्या देशाचा नकाशा मोकळा. क्लार्कला उशिरापर्यंत थांबवलं तर ओव्हरटाइम द्यावा लागतो. ऑफिसरला ओव्हरटाइम नसतो, कारण त्याची वेळ संपली असं कुणी कधी म्हणतच नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चावी. तिजोरीला दोन चाव्या लागतात, एक हेड कॅशियरकडे आणि एक ऑफिसरकडे, आणि दोन्ही जमल्याशिवाय दार उघडत नाही. ज्याच्याकडे चावी त्याला सकाळी ताप येऊन चालत नाही. त्याच्या मेव्हण्यानं बुधवारचा मुहूर्त काढून चालत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत हात जोडून बसलेला आमचा एक ऑफिसर मधेच खिसा चाचपायचा, तो दक्षिणेसाठी चाचपतोय असं गुरुजींना वाटायचं.

ऑफिसरच्या या बदलीचं आणि चावीचं मूळ आमच्या जन्माआधीच्या नाही, पण नोकरीआधीच्या काळात आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्या वेळी देशात बँकांच्या सगळ्या मिळून आठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. आता एवढ्या शाखा काढल्या, तर त्या उघडायला कुणीतरी चावीवाला लागणारच, आणि शहरातला माणूस आपण होऊन खेड्यात जात नाही. म्हणून बढतीला खेड्याची गाठ बांधलेली. धोरण म्हणून यात खोट काढता येत नाही. देशाच्या कानाकोपऱ्यात बँक पोचली पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं. ती पोचवायला मीच जावं असं तेवढं वाटत नव्हतं.

नाकारणाऱ्यांच्याही जाती असतात. आईचे गुडघे, मुलाची दहावी, नुकतंच बांधलेलं घर (तेही बँकेच्याच स्वस्त कर्जातून), ही सरळ कारणं. काहींची शेती असते आणि ऊस तोडीला आला की ऑफिसरला रजा मिळत नाही. काही युनियनचे पुढारी असतात. ऑफिसर झाल्यावर साहेबांशी भांडता येत नाही, उलट आपल्याशीच कुणीतरी भांडायला येतं, हे त्यांना सहन होण्यासारखं नसतं. आणि सांगली ही नाट्यपंढरी असल्यामुळे आमच्याकडे एक खास जात होती, तालमीसाठी बढती सोडणाऱ्यांची. आमच्या शाखेतल्या एका गृहस्थांनी आंतरबँक नाट्यस्पर्धेतल्या एका भूमिकेपायी बढती सोडली. ती भूमिका दुसऱ्या अंकात मरण पावते. या सगळ्यांच्या अर्जावर कारण मात्र एकच असायचं: कौटुंबिक अडचण. घरच्यांसोबत राहायला मिळावं म्हणून लिहिलेल्या अर्जात घरच्यांचा उल्लेख अडचण म्हणून करावा लागतो, आणि त्याखाली आपण "आपला नम्र" लिहून सही ठोकतो.

माझी नेमणूक निघाली होती वडशाला. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज वडसा. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते आणि गोंदियाला जाऊन थांबते. दोन्ही टोकं महाराष्ट्रातच, पण मधे एक अख्खी रात्र आणि बहुतेक दिवस जातो. आज दुपारी सांगलीत चढलेला माणूस उद्या दुपार कलल्यावर नागपुरात उतरून चहा पितो. वडशाला जायचं तर तिथंही उतरायचं नाही. गोंदियापर्यंत जायचं, मग चांद्याकडची गाडी धरायची. आमच्या आईनं "आपल्याच राज्यात आहे ना, मग काय!" असं म्हणून आधी धीर दिला आणि मग गाडीचं वेळापत्रक ऐकून तो परत घेतला.

त्या रात्री आम्ही दोघं हिशेबाला बसलो. बँकेतल्या माणसाच्या घरात पाठकोऱ्या कागदांचा तुटवडा नसतो. रद्द व्हाउचरांचा गठ्ठा काढला आणि मागच्या बाजूला दोन रकाने आखले. जमेच्या बाजूला वाढीव पगार. इथं एक गोष्ट सांगायला हवी. क्लार्कचा ऑफिसर झाला की पगार दुप्पट होतो असा नातेवाइकांत समज असतो. जुना क्लार्क आपल्या वेतनश्रेणीच्या टोकाशी पोचलेला असतो. टोकाला अडकून पडलेल्यांना मिळणारी स्टॅग्नेशन इन्क्रिमेंट नावाची एक दिलाशाची वाढही त्याला लागू होणार असते. अशा माणसाला ऑफिसरच्या श्रेणीत नेऊन बसवलं तर पहिल्या महिन्यात हातात पडणारी वाढ बेताचीच असते. खरा पैसा पुढं, पंधरा-वीस वर्षांत दिसतो.

नावेच्या बाजूला मी लिहीत गेलो. खोलीचं भाडं. खानावळ. दुसरी शेगडी, दुसरी बादली, दुसरी मच्छरदाणी. रेल्वेची तिकिटं. रात्री अकरानंतरच्या चौथाई दरात एसटीडी, आणि तो दर गाठण्यासाठी बूथबाहेर लागणाऱ्या रांगेत डास चावतील त्याचं ओडोमॉस. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येताना हात हलवत येता येत नाही, म्हणून पोरासाठी काहीतरी, आणि पोरासाठी आणलं म्हणून पुतणीसाठीही काहीतरी. बायको शेजारी बसून वह्या तपासत होती. ती शाळेत गणित शिकवायची. तिनं कागद ओढून घेतला, हातातल्या लाल पेनानं बेरीज दुरुस्त केली आणि खाली एक ओळ वाढवली: आईंना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला रिक्षा. मग म्हणाली, "अहो, पण यात माझा पगार कुठं धरलाय?"

तो मी धरलाच नव्हता, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच होता. पण ती विचारत होती ते वेगळंच. तिचा पगार नसता तर हा कागद आखायची वेळच आली नसती. मी गपचूप होल्डॉल बांधून गाडीत बसलो असतो. नको म्हणायलासुद्धा ऐपत लागते, आणि माझ्या ऐपतीतला निम्मा वाटा शाळेच्या पगारपत्रकात होता. पुढं लोक "तू बाबा मोठा त्याग केलास" असं म्हणायचे तेव्हा ती स्वयंपाकघरातून एवढंच विचारायची, "चहात साखर किती?"

ज्यांना ही ऐपत नसते त्यांना मी विट्याच्या काउंटरवर रोज बघत होतो. खानापूर, आटपाडी हा पट्टा पावसाचा वैरी. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगलेली. कोइमतूर, कोलकाता, कानपूर, कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यात जा, भट्टीपुढं बसलेला माणूस विट्याकडचा निघायची शक्यता दांडगी. त्यांचे ड्राफ्ट आमच्या शाखेत यायचे. बाजाराच्या दिवशी बायका यायच्या, डोक्यावरचा पदर नीट करून काउंटरच्या जाळीशी वाकायच्या आणि विचारायच्या, "सायेब, आमचं पैसं आलं का बघा की." एकदा एका बाईनं कडेवरच्या पोराला माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "त्ये बघ, पप्पांचं पैसं त्येंच्याकडं येत्यात." ते पोर माझ्याकडं असं रोखून बघायला लागलं, जणू त्याच्या बापाला मीच ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवलंय. पुढं वडशाचं पत्र आलं तेव्हा मला ते पोर आठवलं असं लिहिलं तर निबंधाला शोभेल, पण तसं काही झालं नाही. मला तेव्हा फक्त दुसरी बादली आठवत होती.

पत्र परत केल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि अर्धा तास समजावलं. करिअर, संधी, पुढं कुठपर्यंत जाल, मग पश्चात्ताप कराल. शेवटी ते स्वतःच गप्प झाले. त्यांचं कुटुंब ठाण्याला होतं आणि ते सांगलीत बँकेच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहून भडंगावर रात्र काढायचे. उठताना म्हणाले, "तुमच्याकडं आज रात्री काय आहे?" मी म्हटलं, "थालीपीठ." ते काही बोलले नाहीत. अर्जावर मात्र त्यांनी "शिफारस" असा शेरा मारला.

नातेवाइकांचं इतक्यावर भागलं नाही. मेव्हणा प्रत्येक लग्नात भेटला की "काय दाजी, अजून काउंटरलाच?" असं विचारायचा. चुलतभाऊ घरकोंबडा म्हणाला. एका मामांनी तर थेट आगरकरांचं नाव काढलं: त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं होतं ना, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस म्हणून, तसाच तू. मला फार संकोच वाटला. आगरकरांनी गलेलठ्ठ पगारावर पाणी सोडलं ते समाजासाठी. माझ्या नकारामागं समाज नव्हता, थालीपीठ होतं. आपल्याकडे पैसा नाकारणाऱ्याला मान आहे, पण त्यानं त्या बदल्यात शाळा काढावी, चळवळ करावी, निदान एखाद्या मासिकाचं संपादन करावं अशी अपेक्षा असते. घरासाठी पगार सोडला म्हणणाऱ्याच्या चरित्रात लिहायचं काय? "ते रोज सव्वासहाला घरी पोचत." बस.

आणि त्या सव्वासहानंतरच्या वेळात मी केलं काय, हे कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. हल्ली "क्वालिटी टाइम" म्हणून एक प्रकार निघालाय. ज्यांच्याकडं नुसता टाइम नसतो त्यांनी तो शोधून काढला असावा. माझ्या घरी त्या दर्जाचं काही घडत नव्हतं. मी सायकल लावायचो, पाय धुवायचो, आईशी तिच्या गोळ्यांवरून वाद घालायचो. पोरगं अभ्यासाला बसलेलं असायचं किंवा बसल्यासारखं दिसत असायचं. मी त्याला काही शिकवावं असं नव्हतं, गणित तर त्याची आई माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची. मी नुसता त्या खोलीत असायचो. पेपर वाचायचो, तोही सकाळीच वाचून झालेला. पंख्याचा वेग तीनवर की चारवर यावर तह व्हायचा. कधी लाइट जायची, मग आम्ही चौघं गच्चीत जाऊन बसायचो आणि गल्लीतला कुठल्या बाजूचा फेज गेलाय यावर चर्चा करायचो. लाइट आली की आम्ही खाली यायचो आणि तो विषय तिथंच संपायचा.

२०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तास काम करण्याची गोष्ट काढली आणि घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत बसणार, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. देशभर लोक चिडले. मला चिडण्यापेक्षा नवल वाटलं, की घरात माणसं एकमेकांकडं बघत बसतात अशी या गृहस्थांची कल्पना झाली कशी! मराठी घरात नवरा-बायको एकमेकांकडं बघतात ते मुलगी पसंत करताना, आणि पुढं कुणाला तरी शिंक आली तर. एरवी दोघं मिळून तिसऱ्याच गोष्टीकडं बघतात. मेथीची जुडी घ्या. दोघांच्या मधे पेपर पसरलेला, त्यावर मेथी, दोघांची नजर मेथीवर, आणि तोंडानं तिच्या शाळेतल्या हेडमास्तरांचं काय चाललंय ते. माझ्या संसारातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी मला मेथी निवडताना कळल्या. मुलाला विज्ञान शाखा नको आहे ही तर गवार मोडताना कळली. नजरेला नजर देऊन त्यानं ती सांगितली असती असं मला वाटत नाही. या वेळाला नाव देता येत नाही आणि तो ठरवून काढताही येत नाही. रविवारी अकरा ते बारा मेथी निवडू आणि तेव्हा मन मोकळं कर, असं पोराला सांगता येत नाही.

बरं, रविवार तरी आपल्याला आभाळातून पडलाय का? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ती मागितली आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली; मधे सहा वर्षं गेली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांच्या बाजूनं होता असं सांगतात. सुट्टी मागायला देवाचं नाव घ्यावं लागलं; बायकोपोरांचं नाव तेव्हा कितपत चाललं असतं कोण जाणे. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला तो १ सप्टेंबर २०१५ पासून. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. पहिल्या मोकळ्या शनिवारी मी अंथरुणातून उठायच्या आत माझ्या नावानं माळा साफ करण्याचं टेंडर निघालेलं होतं.

घरासाठी वेळ मिळणं ही निखळ चांगली गोष्ट आहे असं मात्र कुणी समजू नये. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. पंधरा वर्षं नोकरी झालेली असावी किंवा वयाची चाळिशी ओलांडलेली असावी, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागं साठ दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं एकरकमी पैसे. देशभरातून लाखभर माणसं बाहेर पडली. म्हणजे पैसा आणि वेळ, दोन्ही एकाच लिफाफ्यात. निवड करायचं कामच उरलं नाही. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी हार घालून घेऊन घरी गेले. उभा जन्म लेजरवर काढलेला माणूस. पहिल्या आठवड्यात त्यांनी पत्रव्यवहार फायलींत लावला. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडं गेलं आणि मांडणीवरच्या डब्यांना फोलिओ नंबर पडले. तूरडाळ फोलिओ अकरा. दर शनिवारी तेलाची बाकी जुळते का ते बघायला लागले. महिन्याभरानं त्यांच्या सौभाग्यवती पासबुक भरायला म्हणून शाखेत आल्या आणि हळूच साहेबांना म्हणाल्या, "दुपारचं काही काम असलं तर यांना बोलवा ना. पैसे नाही दिले तरी चालेल." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरच्यांना आपला वेळ हवा असतो तो संध्याकाळचा. सकाळी साडेदहाला घरात असलेल्या नवऱ्याचं काय करायचं हे कुठल्याही बाईला तिच्या आईनं शिकवलेलं नसतं.

माझा मुलगा आता बंगळुरूला असतो. त्याच्यापुढंही असलाच पेच आला होता. जास्त पगाराची एक नोकरी, पण रात्रीच्या मीटिंगा, आणि घरी दोन वर्षांची मुलगी. त्यानं फोन केला म्हणून मी सरसावून बसलो. माझ्या आयुष्यात अनुभवाचा सल्ला देण्याची ही एकमेव संधी होती. मी आधी त्यालाच विचारलं, "तुला लहानपणीचं काय आठवतं? मी घरी असायचो ते?" तो जरा थांबून म्हणाला, "हो, तुम्ही कायम घरीच असायचात." मग त्यानं सविस्तर सांगितलं. शेजारच्या मुलाच्या वडिलांनी बढती घेतली होती, ते तिकडं नांदेडला. त्यामुळं त्या मुलाला गिअरची सायकल मिळाली आणि संध्याकाळी तो कितीही वाजता घरी गेला तरी विचारणारं कुणी नसायचं. त्या मुलाचा सगळ्या गल्लीला हेवा वाटायचा, माझ्या मुलाला धरून. मी विचारलं, "आणि त्याला काय वाटायचं?" मुलगा म्हणाला, "तो आपल्याकडंच असायचा की. तुम्हीच त्याला बुद्धिबळ शिकवलंत." हे मी साफ विसरून गेलो होतो. मुलानं शेवटी ती नोकरी घेतली की नाही ते मी इथं सांगत नाही, कारण तो त्याच्या घराचा प्रश्न आहे आणि सून मराठी वाचते.

खर्चाची बाजूही लपवायला नको. बढती एकदाच नाकारली तरी तिची किंमत एकदाच चुकवून होत नाही. पूर्ण सेवा झालेल्या आमच्यासारख्यांची बँकेतली पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी बसते. त्यामुळं माझ्यानंतर लागून ऑफिसर झालेल्यांची पेन्शन माझ्यापेक्षा जास्त, आणि ती मरेपर्यंत जास्तच राहणार. ज्या मुलासाठी मी थांबलो त्याला आता माझ्या संध्याकाळी नको आहेत, आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण फरक मात्र दर महिन्याच्या शेवटी न चुकता खात्यावर दिसतो. तरीही तो कागद आज पुन्हा आखला तर उत्तर तेच येईल. रिक्षाची ओळ एकटीच पुरेशी आहे.

आता ज्यांच्याबद्दल लिहायला मी बसलो होतो त्यांच्याकडं येतो, आणि त्यांना इतका वेळ ताटकळत ठेवलं हे आमच्या शाखेच्या रीतीला धरूनच झालं.

मी बढती नाकारली त्याच यादीत माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमचं नाव होतं. परीक्षेत त्या माझ्या वर होत्या. त्यांची नेमणूक सोलापूरला निघाली होती, म्हणजे माझ्या मानानं अंगणात. त्यांनीही नको म्हणून लिहून दिलं. आमचे दोघांचे अर्ज एकाच कार्बननं काढल्यासारखे होते. खरं तर माझा मजकूर मी त्यांचा बघूनच लिहिला होता. मला साहेबांनी केबिनमध्ये नेऊन चहा पाजला. त्यांचा अर्ज ट्रेमध्ये पडला आणि दुपारच्या टपालानं गेला. त्यांच्या लग्नकार्यात कुणी त्यांना "अजून काउंटरलाच?" असं विचारलं नाही, कुणी घरकोंबडी म्हणालं नाही आणि आगरकरांची आठवण तर कुणालाच झाली नाही. माझ्या नकारावर गल्लीत दोन पक्ष पडले. त्यांच्या नकाराची त्यांच्या घरातसुद्धा बातमी झाली नाही. त्यांच्या यजमानांना परीक्षेचा निकालच ठाऊक नव्हता असं मला नंतर कळलं. घर गाठायची घाई दोघांनाही असायची. मी घरी जाऊन पेपर उघडायचो, त्या कणीक मळायला घ्यायच्या.

ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाकडून सरकारी बँकांना कळवण्यात आलं, की विवाहित महिला कर्मचाऱ्यांची नेमणूक शक्यतो त्यांच्या पतीच्या गावाजवळ करावी. हेतू चांगलाच होता. पुरुष कर्मचाऱ्यांना पत्नीच्या गावाजवळ ठेवा, असं पत्र माझ्या उभ्या नोकरीत आमच्या सूचनाफलकावर लागलं नाही.

पुढं मॅडमच्या मुलीचं लग्न झालं, सासूबाई गेल्या, आणि त्या वर्षीचं परिपत्रक लागल्यावर त्या फलकापाशी दिसल्या नाहीत. ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. पास झाल्या. नेमणूक छत्तीसगडला, बिलासपूरच्या बाजूला. युनियनच्या पोरांनी धावत जाऊन सांगितलं, "मॅडम, ते मंत्रालयाचं पत्र लावू, जवळ मिळेल." त्या म्हणाल्या, "नको रे. जवळच तर होते इतकी वर्षं."

त्या गेल्यावर पहिल्या रविवारी त्यांचे यजमान आमच्याकडे आले, मुगाच्या खिचडीला पाणी किती घालायचं ते विचारायला. मी त्यांना बायकोकडं पाठवलं, बायकोनं परत माझ्याकडं पाठवलं, कारण खिचडी आमच्याकडं मीच करतो. मॅडम तिथं आधी ऑफिसर आणि मग शाखेच्या मॅनेजर झाल्या, चावी सांभाळली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन सांगलीला परतल्या. त्यांची पेन्शन माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि ती असायलाच हवी.